बांधावरची आई

आज सकाळी मुलीने बंगळुरूहून एक बातमी पाठवली. परदेशात कुठेतरी जुनी विहीर उपसताना शिशाच्या पातळ पत्र्यांच्या गुंडाळ्या सापडल्या. संशोधकांनी त्या हलक्या हाताने उलगडल्या, तर आत शाप कोरलेले. माझी चादर चोरणाऱ्याची झोप उडू दे. मला फसवणाऱ्याची जीभ लुळी पडू दे. शेकडो वर्षं हे शाप गाळात पडून होते आणि तरी वाचता येत होते. बातमीखाली मुलीने लिहिलं होतं, "आई, तुझ्या लाइनमधलं."

तिच्या मनात तसं काही नव्हतं. मी उत्खननाच्या बातम्या वाचते, हे तिला माहीत आहे, एवढंच. घरात सगळ्यांना तो छंद वाटतो. खरं तर मी कामाची बाई. किराणा, औषधं, गच्चीवरच्या टाकीची सफाई, कुणाचा वाढदिवस, सगळं वहीत लिहिलेलं असतं आणि झालं की पुढे टीक. इतिहासाशी माझा संबंध दहावीच्या पेपरपुरता होता. आता मात्र कुठे थडगं उघडलं, कुठे हात बांधलेला सांगाडा निघाला, कुठे राखेखाली जळका पाव जसाच्या तसा मिळाला, की मी शेवटपर्यंत वाचते. त्या बातम्यांत सगळे आनंदात असतात. फोटोत तरुण मुलं गुडघ्यावर बसून हसत असतात. त्या थडग्यावर गावातलं कुणी रोज फूल ठेवत होतं का, हे कुठल्याच बातमीत नसतं.

बाहेर ऑक्टोबर तापलाय. मुलुंडला पाऊस ओसरला की डोंगराकडून येणारी हवा एका दिवसात बंद पडते. कपडे तासाभरात वाळून कडक होतात. गाद्या उन्हात पडतात, आणि संध्याकाळी आत घेतल्या तरी रात्रभर त्या पाठीला ऊन देत राहतात. मैदानात गरब्याच्या मंडपाचे बांबू पडलेत आणि कुणीतरी माइकवर "चेक, चेक" करतंय. अशा दुपारी मला हमखास शेंदराचा वास येतो. तेलात कालवलेल्या, बोटांना चिकटणाऱ्या शेंदराचा. घरात शेंदूर नाही, कित्येक वर्षं नाही. ज्या ऑक्टोबरात मी माझ्या सासूबाईंची देवी त्यांच्याकडून काढून घेतली, त्या ऑक्टोबरचा तो वास आहे.

आमच्या इमारतीच्या मागे, पंपाच्या खोलीला लागून, उंबराखाली एक दगड होता. कमरेइतका उंच, शेंदराने इतका लिंपलेला की त्याला आकारच राहिला नव्हता. वर चांदीचे दोन डोळे चिकटवलेले. इमारत उभी राहण्याआधी तिथे शेतं होती म्हणे, आणि तेव्हापासून तिचं नाव बांधावरची आई. आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, मालवणकडच्या. सासरे गिरणीत होते. परळच्या खोलीतून त्या इकडे राहायला आल्या, तेव्हा लग्नाला आठ वर्षं होऊनही मूल नव्हतं. त्यांनी या दगडाला नवस बोलला आणि वर्षाच्या आत माझा नवरा झाला, संजय. तेव्हापासून दर मंगळवारी त्या खाली जाऊन दगडाला शेंदूर लावत. चाळीस वर्षं. शेंदूर लावून माखलेलं बोट त्या कधी पुसत नसत, स्वतःच्या कपाळाला लावत. सासरे गेल्यावर कपाळाऐवजी गळ्याला.

नवरात्रात अख्खी इमारत खाली जमे. कुठल्या दिवशी कुणाचा नैवेद्य, आरतीचं ताट कुणाकडे, अष्टमीची ओटी कोण कोण भरणार, याची यादी मी करायचे. सोसायटीची सेक्रेटरी मीच होते आणि यादी माझ्या हातची असली की भांडणं होत नाहीत, असं सगळ्यांचं मत होतं. ओटीच्या यादीत आईंचं नाव नसे. विधवा बाई ओटी भरत नाही. त्या खुर्ची टाकून बाजूला बसत आणि बाकीच्यांना सांगत, खण कसा धरायचा, नारळाची शेंडी कुठल्या बाजूला. जिच्या भक्तीवर हे सगळं चालत होतं, तिचं नाव वगळताना मला कधी काही वाटलं नाही. पद्धतच तशी होती.

त्या वर्षी गणपती गेल्यावर पंपाच्या खोलीची भिंत दुरुस्तीला काढली. मजुरांनी हातोडे मारले, जमीन हादरली आणि चांदीच्या डोळ्यांखालचं शेंदराचं कवच पुढून सुटून पडलं. विटेएवढं जाड, आतून काळं. मजूर घाबरून पळाले. आई मात्र खाली धावत आल्या, त्यांच्या गुडघ्यांना झेपेल तेवढ्या.

"आईन कवच सोडल्यान," त्या म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांदेखत सोडल्यान. आता मी मेलंय तरी चालात."

देवीने कवच सोडणं म्हणजे मोठा शकून. त्यांनी एकेक तुकडा परातीत गोळा केला, खाडीत सोडायला लावला. तीन दिवस त्या जेवायला बसल्या की मधेच हसायच्या. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन फसलं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. आत जे उघडं पडलं, ते त्यांना नीट दिसत नव्हतं. आम्हाला दिसलं, पण कळलं नाही. वर चंद्र-सूर्य, मधे झिजलेल्या ओळी, खाली काहीतरी जनावर. मी फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला.

त्या फोटोने ऋचा आली. दुसऱ्या मजल्यावरच्या पाटकर वहिनींची भाची, घाटकोपरला राहणारी, पुरातत्त्व शिकत होती. उपनगरांतले असे दगड शोधत फिरणं हाच तिचा अभ्यास. पितृपक्ष चालू होता, आवारात कुणी नव्हतं. तिने दगडावर नुसतं पाणी शिंपडलं आणि पाच वाजता ऊन तिरपं होईपर्यंत पायरीवर बसून राहिली. ऊन आडवं झालं तशा ओळी वर आल्या.

"काकू, आजी कुठे आहेत?"

"वर. झोपल्यात. का गं?"

"मग सांगते. ही देवी नाहीये. गधेगळ आहे."

मला शब्द माहीत नव्हता. तिने सांगितलं, अगदी सरळ, परीक्षेत सांगावं तसं. जुन्या राजांनी कुणाला जमीन दान दिली की हद्दीवर असा दगड रोवायचे. वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर हे दान चालू. खाली शाप. हे दान जो मोडेल, त्याच्या आईवर गाढव चढेल. आणि वाचता न येणाऱ्यांसाठी चित्र. तिने बोट न लावता दाखवलं. गाढव होतं. गाढवाखाली बाई होती.

"त्याच्या आईवर?" मी म्हटलं. "मोडणार हा, आणि आईवर का? त्याच्यावर का नाही?"

"तेव्हा विचारायला तुम्ही नव्हतात ना, काकू."

"मग आमची सोसायटी त्या दानाच्या जमिनीवर आहे की काय?"

"सातबारा नाही दिलाय त्यांनी," ती हसली. मग गंभीर झाली. "आजींना मी सांगू? की नकोच? बऱ्याच ठिकाणी आम्ही सांगत नाही. लोक पूजा करतात म्हणून तर हे दगड वाचलेत. नाहीतर कधीच कुठल्यातरी इमारतीच्या पायात गेले असते."

"मी बघते," मी म्हटलं.

ऋचा गेल्यावर मी त्या दगडासमोर उभी राहिले. जमीन देणारा पुरुष, घेणारा पुरुष, उद्या हिसकावणारा तोही पुरुष. या सगळ्या व्यवहारात जिचा कुठेच संबंध नाही, तिला खाली घातलेलं. आणि तिलाच आम्ही हळदीकुंकू लावत होतो. मला खरंच राग आला. पण तो फार वेळ टिकला नाही. त्याच्यामागून दुसरं काहीतरी आलं, आणि ते आलं तेव्हा मला थंड, बरं वाटलं. वर जाऊन मी वहीत लिहिलं, "आईंना सांगणे."

ते का, हे सांगायला हवं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी नवरात्रात ऑफिसच्या कामाने मला नाशिकला जावं लागलं होतं. मला दिवस गेले होते. अष्टमीची ओटी राहिली. दिवाळीनंतर, पाचवा महिना चालू असताना, माझं मूल गेलं. मुलगा होता. दवाखान्यात शुद्धीवर आले तेव्हा आई पायाशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "ओटी चुकवलंस ना." एवढंच. मग घरी आणून महिनाभर त्यांनी मला पेज भरवली, केस विंचरले, न्हाऊ घातलं. हे दोन्ही त्याच बाईने केलं. पण पेज विसरायला होते. पुढे मुलगी झाली, ती देवीने माफ केलं म्हणून. आणि दर वर्षी अष्टमीला, इमारतीत कुणी नवी सून असली की आई तिला माझं उदाहरण देत. दर वर्षी. मी ताट घेऊन शेजारी उभी असायचे.

त्या नवरात्रात घट बसल्यापासून सात दिवस मी गप्प राहिले. यादीप्रमाणे सगळं चोख झालं. आईंना हात धरून मी खाली नेत होते, आरती म्हणत होते, आणि मला माहीत असलेलं त्यांना माहीत नव्हतं. मला त्यात गोडी लागली होती, हे नाकारून उपयोग नाही. कवच सोडल्यामुळे त्या वर्षी गर्दीही जास्त. शेजारच्या इमारतींतल्या बायका यायच्या, आईंच्या पाया पडायच्या. चार बायकांनी आजवर कधी दिला नाही तो मान त्यांना त्या आठवड्यात मिळाला. त्यांनी ठेवणीतली जांभळी साडी काढली होती. "नीता, माझो आंबाडो नीट घाल गो," त्या रोज म्हणायच्या आणि मी रोज त्यांच्या पातळ केसांना गाठ मारून द्यायचे.

अष्टमीला संध्याकाळी पाचला सगळ्या जमल्या. पाटकर वहिनींची सून पहिल्यांदाच ओटी भरणार होती. चौथा महिना. आईंनी तिला जवळ बोलावलं.

"ये गो, हंय उभी रव. असो धर खण. आणि एक आयक, ही ओटी कधी चुकवू नको. आमच्या नीतान एक वर्स चुकवल्यान. काय झाला ता तिकाच विचार."

"जाऊ दे ना, आई," पाटकर वहिनी म्हणाल्या. "दर वर्षी काय तेच."

"सांगूक नको? पोरगी नवी आसा."

ती पोरगी माझ्याकडे बघायला लागली. मी ताट खाली ठेवलं.

"आई, ही देवी नाही."

"काय म्हणतंस?"

"देवी नाही ही. शापाचा दगड आहे. ऋचाने वाचलाय. या, दाखवते."

मी त्यांचा हात धरून त्यांना खुर्चीतून उठवलं आणि त्यांची बोटं दगडावर टेकवली. ऊन आडवं होतं. बाकी सगळ्यांना डोळ्यांनी दिसत होतं.

"हे काय लागतंय हाताला?" मी विचारलं.

"पाय." त्यांची बोटं फिरली. "चार आसत. वाघ असात. देवीचो वाघ."

"कान बघा."

बोटं वर गेली. लांब कानांवरून पुढे-मागे झाली. त्यांनी गावी गाढवं पाहिली होती, मालवणच्या बाजारात मीठ घेऊन येणारी. त्यांना कळलं.

"गाढव आहे," मी म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "आणि त्याच्या खाली बाई आहे. कुणाची तरी आई. तिला गाढव लागो, असा शाप आहे. चाळीस वर्षं तुम्ही त्याला शेंदूर लावलात, आणि आम्हाला तिची ओटी भरायला लावलीत."

मागून एक बाई हसली. ती हसली नसती तर कदाचित वेगळं झालं असतं. पाटकर वहिनींनी सुनेचा दंड धरून तिला मागे ओढलं. "शी, काय गं हे, नीता. आज, आणि हिच्यासमोर?"

आईंचा हात अजून दगडावर होता. गाढवावरून तो खाली आला होता, त्या बाईवर. "ही हंय काय करता?" त्यांनी मला विचारलं, हळू, लहान मुलाने विचारावं तसं.

"तिला विचारून कुणी ठेवलेलं नाही, आई."

त्यांनी हात काढला. बोटांना शेंदूर लागला होता. त्यांनी तो पदराला पुसला. जांभळ्या साडीला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्या म्हणाल्या, "मगे संजय माका कोणी दिल्यान?"

"कुणी द्यायला कशाला लागतं?" मी म्हटलं. संजय शेजारी बसून बिस्कीट बुडवत होता. त्याचं बिस्कीट चहात पडलं, तेवढं काढत बसला.

नंतरचं सगळं भराभर झालं, कारण ते मी केलं. दसरा होताच सोसायटीची सभा भरली. काल नवस बोलणाऱ्या बायकांना आज तो दगड आवारात नको होता. कुणाच्या मुलाचं लग्न मोडलं होतं, कुणाला थायरॉइड होता, सगळ्याचा उगम आता सापडला. "वाट लागणार नाही तर काय होणार," पाटकर वहिनी म्हणाल्या, "आपण शापाला नैवेद्य दाखवत होतो." ऋचाने फोन करून विनवलं, दगड जागेवर राहू द्या, जागेवर असण्यालाच अर्थ असतो. सभेने ऐकलं नाही. मग तिनेच एका संग्रहालयाशी बोलून सोय केली. अर्ज, ना हरकत पत्र, टेम्पो, गोणपाट, दोर, चार माणसं. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दगड उचलला. जमिनीत वर दिसत होता तेवढाच आणखी होता. खालचा भाग कोरा, ओला, पांढऱ्या मुळांनी वेढलेला. चांदीचे डोळे मी आधीच काढून कागदात बांधून ठेवले होते. माणसांनी तो आडवा घातला तेव्हा वर पाहिलं, तर आई गॅलरीत उभ्या होत्या. इतक्या उंचीवरून त्यांना फक्त हालचाल दिसत असणार.

मी नंतर एकदा तिथे जाऊन आले. व्हरांड्यात ओळीने दगड मांडलेत, प्रत्येकाला क्रमांक. आमच्या दगडासमोर शाळेची सहल उभी होती आणि मुलगे एकमेकांना कोपराने ढोसत होते. शिक्षिका घाईघाईने पुढच्या दगडाकडे गेल्या. शेंदराखाली निदान त्या बाईला कुणी बघत तरी नव्हतं.

इथवरचं मी पुष्कळांना सांगितलंय. ऐकणारे म्हणतात, अगं, तूही किती वर्षं सोसलंस. पुढचं सांगितलेलं नाही.

टेम्पो गेल्यावर आई खाली जाईनाशा झाल्या. मंगळवारी अंघोळ करून त्या पलंगावर बसून राहायच्या, हात मांडीवर उताणे. जेवण अर्ध्यावर आलं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. दिवाळीच्या आधी, फराळाच्या दिवसांत, एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. मी चकल्या अर्धवट टाकून गेले.

"नीता, त्या पोरीक एकदा परत विचार. चूक झाली असात तिची. मोठी मोठी माणसा चुकतत. दुसरी कोण बाई असात ती. तुका येळ असलो तर विचार."

"तुका येळ असलो तर." त्यांनी आयुष्यात मला कधी असं विनवलं नव्हतं.

मी बाहेर येऊन ऋचाला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"चूक नाहीये, काकू. अजिबात शंका नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही त्यांना सांगा ना, की मी चुकले. सांगा, मोठ्या सरांनी पुन्हा वाचलं आणि देवीच निघाली. मला काही फरक पडत नाही. सगळं माझ्यावर टाका, यार काकू, प्लीज."

मी गॅस बंद केला, हात धुतले आणि आत गेले. पडदा ओढलेला होता. आई उठून बसल्या होत्या, केस सोडलेले, चेहरा माझ्या पावलांच्या आवाजाकडे वळवलेला.

"विचारलंस?"

"विचारलं."

"काय म्हणता ती?"

ऋचाने दिलेलं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. खोटं बोलायची मला सवय नाही असं नाही, सोसायटी चालवते मी. ते वाक्य बोलायला दोन क्षण लागले असते, आणि ती बाई माझ्यावर विश्वास ठेवायलाच बसली होती.

"बरोबरच वाचलंय म्हणाली. चूक नाही."

त्यांनी मान हलवली. "बरा झाला विचारलंस," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. मी त्यांच्या अंगावर चादर घातली आणि चकल्यांकडे परत गेले.

संक्रांतीच्या आत त्या गेल्या. अष्टमीला मी रागाच्या भरात बोलले, असं मी म्हणते आणि लोकांना ते पटतं. त्या दुपारी मला राग आलेला नव्हता.